एकोणिसाव्या गल्लीचा चढ

चावीकाकांनी लोखंडी सळईचं एक टोक पाइपावर टेकवलं, दुसरं कानामागच्या हाडाला लावलं आणि डोळे मिटून घेतले. चेंबरचं झाकण बाजूला सारलेलं होतं. पलीकडच्या काठावर त्यांची लेक उकिडवी बसली होती, गुडघ्यांवर टॅब. नुकतं कुठे फटफटत होतं आणि गल्ली अजून अर्धवट झोपेत होती.

"किती फेरे, बाबा?"

त्यांनी नुसतं बोट वर केलं. थांब जरा.

खाली, जमिनीच्या पोटात, पाण्याने आधी खाकरून घसा साफ केला. मग थोडी हवा फुरफुरली. मग एक लांब, बारीक सूर लागला आणि सावकाश भरत गेला. चौतीस वर्षं हा आवाज ऐकून काकांचं असं झालं होतं की सळई कानाला लावली की वरची घरं, दुकानं, विजेचे खांब सगळं पुसट व्हायचं आणि काळोख्या मातीतून सरकत जाणारं पाणी तेवढं खरं वाटायचं. अशा वेळी कुणी हाक मारली तर ते खूप लांबून परत आल्यासारखे बघत.

"साडेअकरा," ते डोळे न उघडताच म्हणाले. "बारावा फेरा पुरा केलास तर तिसऱ्या घराचा नळ शिंकायला लागतो."

"नळ शिंकतो, हे मी कुठे भरू? इथे फक्त आकडे चालतात."

"मग तुझ्या यंत्राला म्हणावं, आधी कान साफ करून ये."

लेक हसली आणि साडेअकरा भरलं.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून शहरातल्या त्रेचाळीस गल्ल्यांचं पाणी एका खोलीतून सुटणार होतं. हे काही याच शहराचं कौतुक नव्हतं, सगळ्या देशातच तसं वारं होतं. दाखले फोनवर आले, दवाखान्यातला नंबर फोनवर लागू लागला, बसचं तिकीटही कागदावरून उडालं. आता पाण्याची पाळी होती. लेक त्या कामावरची इंजिनिअर. खात्याने तिलाच वडिलांच्या मागे लावलं होतं, कारण कुठल्या गल्लीला किती मिनिटं हे तक्त्यावर होतं खरं, पण कुठली चावी किती हळू फिरवायची, कुठला पाइप म्हातारा झालाय, कुठे हवा कोंडते, हे सगळं चावीकाकांच्या डोक्यात होतं. ते तिथून काढून पडद्यावर घालायचं होतं.

काकांनी आधी त्याची खूप टर उडवली. "खोलीत बसून गावाला पाणी पाजणार? म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं झालं की!"

"शेळ्या त्याच आहेत, बाबा. उंट तेवढा नवा."

पण मनातून त्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. गुडघे कुरकुरत होते, निवृत्ती दोन महिन्यांवर आली होती, आणि आपलं डोकं आपल्या लेकीच्या हातून कुठेतरी जपून ठेवलं जातंय, यात सुखच होतं. रोज पहाटे दोघं निघत. ती विचारी, ते सांगत. बापलेकीचं इतकं बोलणं तर गेल्या दहा वर्षांत झालं नव्हतं.

अठरा नंबर झालं. मग एकोणिसावी गल्ली आली.

ही गल्ली तोंडाशी सपाट होती, मग डावीकडे वळून चढत जायची. वळणानंतर फक्त एकच घर होतं, अगदी टोकाला, उंचावर. खालून त्याचा नुसता पत्रा दिसायचा.

काकांनी झाकण काढलं, चावी अडकवली, सावकाश नऊ फेरे दिले. नेहमी ते इथे सळई लावत आणि बराच वेळ उठत नसत. आज सळई त्यांनी भिंतीला टेकवूनच ठेवली.

"नऊ फेरे," लेक म्हणाली. "आणि मिनिटं?"

"वीस."

उत्तर जरा जास्तच चटकन आलं. लेकीचं बोट टॅबवर अडलं. तीन महिन्यांपूर्वी प्रत्येक चेंबरमध्ये एकेक करडी डबी बसवली होती. त्या डब्या पाणी मोजतात एवढं काकांना माहीत होतं. चावी किती वेळ उघडी राहिली तेही त्या टिपून ठेवतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. टॅबवर एकोणीस नंबरखाली नव्वद दिवसांचे नव्वद आकडे एकाखाली एक उभे होते. सत्तावीस, सत्तावीस, सत्तावीस.

"वीस?" तिने पुन्हा विचारलं.

"तक्त्यात लिहिलंय की. बघ हवं तर."

"कुठेतरी पाणी मुरतंय, बाबा," ती हसत म्हणाली, पण तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावरून हलली नाही.

"पाणीच ते. मुरायचंच."

काकांचे कान लाल झाले होते. सुतासारखा सरळ माणूस, उभ्या जन्मात खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे खोटं बोलणं नीट जमतही नव्हतं. ते चावीची मूठ फडक्याने पुसत राहिले. ती मूठ त्यांच्याच तळहाताने घासून चकचकीत झाली होती, पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

लेकीने काही न भरताच टॅब मिटला. "विसावी उद्या करू," ती म्हणाली.

त्या दिवशी दुपारी काका आडवे झाले, पण डोळा लागेना. धास्ती एकच होती. खरं सांगावं तर साहेब विचारणार, ही सात मिनिटं जास्तीची कुणाच्या हुकमाने? आणि हुकूम नाही म्हटल्यावर ती कापली जाणार. खोटं सांगावं तरी वीसच भरले जाणार, म्हणजे कापली जाणारच. इकडे आड, तिकडे विहीर. चार वर्षं त्यांनी ती सात मिनिटं रोज सकाळी सोडली होती. कुणाला कळू न देता, एक दिवस न चुकता. ती मिनिटं त्यांची स्वतःची नव्हती, आणि जिची होती ती आता या जगात नव्हती.

टोकाच्या त्या घरात ते अठरा वर्षं राहिले होते. लेकीचा जन्म तिथलाच.

तेव्हा तक्त्यात प्रत्येक गल्लीला वीस मिनिटं होती आणि काकांना तो तक्ता म्हणजे देवाच्या ठिकाणी. खालच्या घरांच्या बादल्या, टाक्या भरेपर्यंत पाणी वळणावर यायचं नाही. आलं की वरच्या नळाला करंगळीएवढी धार धरायची आणि ती धड जोर धरते न धरते तोच खाली वीस मिनिटं पुरी होऊन चावी बंद व्हायची. बंद करणारे हात घरधन्याचेच. मग काकांची बायको दोन बादल्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी उतरायची, शेजारणीच्या टाकीतून पाणी घ्यायची आणि चढ चढून वर न्यायची. सकाळी दोन खेपा. पाव्हणे आले तर चार.

गल्लीतल्या बायका हसायच्या. "पाणी सोडणाऱ्याची बायको अन् पाणी भरायला आमच्या दारात!"

"दिव्याखाली अंधार असतो, बाई," ती म्हणायची. हसूनच म्हणायची.

तिने एकदाच विषय काढला होता. लेक तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. दाराच्या पायरीवर बादल्या ठेवून, पदराने मान पुसत ती म्हणाली होती, "पाच मिनिटं जास्त सोडलंत तर कुणाचं काय जाईल हो?"

आणि काका म्हणाले होते, "सगळ्या गल्ल्यांना जे, तेच आपल्याला. माझ्या घरासाठी मी चावी फिरवणार नाही."

ती "बरं" म्हणाली. त्यानंतर अठरा वर्षं पुरी होईतो तिने पुन्हा तोंड उघडलं नाही. तिचा उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली आला होता, झंपर शिवताना शिंप्याला ते सांगावं लागायचं. काकांना स्वतःच्या त्या उत्तराचा केवढा अभिमान वाटायचा! खात्यात चार लोकांना त्यांनी तो किस्सा सांगितला होता. आणि याच काकांनी सातव्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांची ओरड ऐकून स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला होता, साहेबांच्या मागे लागून तिथे तीन मिनिटं वाढवून आणली होती. स्वतःच्या गल्लीसाठी मात्र त्यांच्या हातून कागद उचलला गेला नाही. लोक काय म्हणतील? आपल्याच पोळीवर आधी तूप ओढतो?

चार वर्षांपूर्वी ती गेली. तीन दिवसांचा ताप काय तो, आणि गेली. घर सोडून बापलेक टाकीजवळच्या खात्याच्या खोल्यांत राहायला आले. सुट्टी संपून काका पहिल्यांदा कामावर गेले, तेव्हा एकोणीस नंबरला वीस मिनिटं झाली आणि त्यांचा हात चावीवर तसाच राहिला, फिरेना. सळईतून पाणी वळण घेताना ऐकू येत होतं. ते चढत होतं. काकांनी श्वास रोखून ऐकलं, आणि सत्तावीस मिनिटांच्या सुमाराला सूर पुरता भरला. वरचा नळ मोकळा वाहत होता. त्या सुरात त्यांना बादलीची कडी वाजल्यासारखी वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटली. मग त्यांनी चावी बंद करायची ती कडी वाजल्यावरच, असं ठरवून टाकलं.

दोन दिवसांनी लेक त्यांना नव्या खोलीत घेऊन गेली.

"चला, तुमचा उंट दाखवते," ती म्हणाली.

खोली थंड होती आणि समोरची सगळी भिंत म्हणजे एक पडदा. आत शिरताना काकांनी चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना काढाव्याशा वाटल्या. पडद्यावर काळ्या रंगावर निळ्या रेघा होत्या, टाकीपासून निघालेल्या, फाटे फुटत गेलेल्या, आणि त्या रेघांतून प्रकाशाचे बारीक थेंब सरकत होते. वर ना घरं होती, ना खांब, ना दुकानं.

काका तोंड उघडं टाकून बघत राहिले. डोळे मिटून ते चौतीस वर्षं जे बघत आले होते, ते कुणीतरी उचलून भिंतीवर लावलं होतं. त्यांनी जवळ जाऊन एका रेघेवर हात ठेवला. भिंत गार होती, आणि त्यांना उगाच वाटलं की पाण्यालाच हात लागला.

"अगं, हे तर असंच आहे," ते म्हणाले. "अगदी असंच दिसतं."

"तुम्हाला कुठे दिसतं?"

"दिसतं मला."

मग तिने खुर्ची ओढून दिली. "आता गंमत बघा. मी अजून तुमचं एकही मिनिट यात घातलेलं नाही. आधीचा तक्ताही नाही. फक्त पाइपांची लांबी, जाडी, घरं किती, आणि जमिनीची उंची. मोजणीवाल्यांनी गेल्या वर्षी सगळ्या शहराची उंची मोजलीय. आता हेच सांगेल, कुठल्या गल्लीला किती वेळ हवा."

तिने बोट टेकवलं. रेघा एकदा मंद झाल्या, पुन्हा उजळल्या आणि एकेका चेंबरपाशी आकडे उमटू लागले. सतरा. वीस. एकोणीस. सातव्या गल्लीला तेवीस आले, तेव्हा काका मनात म्हणाले, बरोबर, माझा अर्ज बरोबर होता. बाराला अठरा. त्यांची नजर एका कोपऱ्याकडे जात होती आणि ते ती मागे ओढत होते.

एकोणिसाव्या गल्लीपाशी आकडा उमटला. सत्तावीस.

काका खुर्चीतून अर्धवट उठले. "हे तू घातलंस?"

"नाही."

"खरं सांग. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तुला कळलं होतं ना सगळं?"

"डब्यांमुळे कळलं होतं. पण हे मी नाही घातलं, बाबा, शप्पथ. हे त्याचं त्याने काढलंय." तिने ती गल्ली मोठी करून दाखवली. तोंडापासून टोकापर्यंत रेघ हळूहळू फिकी होत वर गेली होती. "चढ आहे ना तिथे. अकरा मीटर. जुना तक्ता करणाऱ्याने गल्ल्या मोजल्या, चढ मोजलाच नाही. तिथे पहिल्या दिवसापासून सत्तावीसच हवी होती." तिचा चेहरा उजळला होता. दोन दिवस पोटात ठेवलेली गोष्ट तिला एकदाची सांगता आली होती. "म्हणजे तुम्ही काहीच चुकीचं केलं नाहीत! चार वर्षं बरोबर तेवढंच सोडत होतात. नुसत्या कानावर! साहेबांना सांगितलं तर ते टाळ्या वाजवतील."

काका खाली बसले. पडद्यावर ते थेंब सरकत होते. टोकाच्या घरापाशी पोचून एक थेंब विझायचा आणि त्याच्या मागून दुसरा यायचा.

"म्हणजे हक्काचं होतं," ते म्हणाले.

"हो मग! हक्काचंच."

"मेहरबानी नव्हती ती."

"मेहरबानी कसली, बाबा? नियमच आहे तो. शेवटच्या नळाला..."

ती थांबली. तिच्या बापाचे दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते आणि ते त्या हातांकडे बघत होते. चार वर्षं बरोबर, हे तिनेच म्हटलं होतं. त्याच्या आधीची अठरा तिच्या आता लक्षात आली.

"तिने पाचच मागितली होती," काका म्हणाले. "सात तिची होती. अन् मागितली पाचच."

"मला माहितीय," लेक हळू म्हणाली. "मी तिथेच होते. पायरीवर."

"मी नाही म्हणालो."

"हो."

"मला वाटलं, मी फार मोठा माणूस आहे." त्यांचा आवाज फाटला आणि मग त्यांना रडू आलं, लेकीसमोर, त्या निळ्या उजेडात. त्यांनी ते लपवलं नाही. लेकीने त्यांच्या उताण्या तळहातात आपला हात ठेवला आणि ती तशीच बसून राहिली. आईचा विषय निघाला की घरात कुणीतरी उठून जायचं. आज दोघंही उठली नाहीत.

एक तारखेला काका नेहमीसारखेच पहाटे उठले. करायला काही नव्हतं. लेक आधीच खोलीवर गेली होती. त्यांनी सवयीने चावी उचलली, परत कोपऱ्यात ठेवली, आणि रिकाम्या हातांनी चालत एकोणिसाव्या गल्लीत आले. झाकण बंद होतं. ते त्याला ओलांडून, वळण घेऊन, चार वर्षांत प्रथमच वरपर्यंत चढले.

टोकाच्या घरात आता एक शिवणकाम करणारी बाई राहत होती. ती नळापाशी बादल्या मांडत होती.

"अगंबाई, चावीकाका! तुम्ही वर, मग खाली चावी कोण फिरवतंय?"

"कुणीच नाही. आपलं आपण येणार आजपासून."

"येईल ना पण नीट? मला मेलीला यंत्राचा भरवसा नाही. माझ्या नळाला कधी त्रास नव्हता हो, तुमच्या कृपेने."

"कृपा नाही, बाई," काका म्हणाले. "येईल. तुमचं आहे ते."

त्यांची नजर पायरीवर गेली. दगडात दोन गोल खळगे होते, बादलीच्या बुडाएवढे, शेजारी शेजारी. उजवीकडचा जरा जास्त खोल होता. अठरा वर्षं याच पायरीवरून ते कामाला गेले होते, आणि त्यांनी ते कधी बघितले नव्हते.

नळ खाकरला. फुरफुरला. मग मोकळा वाहू लागला.

"बाई, दोन बादल्या द्याल का जरा?"

बाईने दिल्या. काका त्या घेऊन चढ उतरले. गल्लीच्या तोंडाशी, खालच्या घरातल्या मोठ्या टाकीपाशी त्यांनी मालकिणीला विचारलं, दोन्ही काठोकाठ भरल्या, आणि वळले. मागून कुणीतरी हसलं, "काका, वर नळ धो धो वाहतोय अन् तुम्ही खालून पाणी नेताय? डोकं ठिकाणावर आहे ना?" ते हसले आणि चढाला लागले.

वळणाशी पहिल्यांदा थांबावं लागलं. पुढे वीस पावलांवर दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा थांबले तिथे आधारासाठी भिंतीला हात लावला, तर तेवढ्याच जागी भिंत गुळगुळीत होती, एका तळहाताएवढी. काकांनी हात तिथे बराच वेळ ठेवला. सकाळ गल्लीत उतरत होती, पायाखाली पाणी वर चाललं होतं आणि सळई नसतानाही त्यांना ते ऐकू येत होतं. बरोबरीने कुणीतरी चढत असल्यासारखं.

खिशातला फोन वाजू लागला. त्यांनी बादल्या खाली ठेवल्या नाहीत. फोन वाजून थांबला, पुन्हा वाजला. ते पायरीपर्यंत आले, एकेक बादली त्या दोन खळग्यांत नीट बसवली, आणि मग फोन काढला.

"बाबा, एकोणीसला आहात ना? इथे बरोबर दिसतंय, पण तुम्ही सांगा. वरपर्यंत पोचलं पाणी?"

"पोचलं," काका म्हणाले.

"मग एवढे धापा का टाकताय?"

काकांनी बादल्यांकडे बघितलं. पाणी अजून हलत होतं.

"चढ आहे गं," ते म्हणाले.